आपली म्हणाल तर छागल

नाकेदारांनी जन्मात बंदूक हातात धरली नव्हती. फटाक्यांचा आवाज झाला की ते कानांवर हात ठेवायचे आणि दिवाळीचे चार दिवस गावाकडे, देवगाव रंगारीला, निघून जायचे. तरीही तेव्हाच्या औरंगाबादेत एखादी लढाई कोण आणि का हरलं हे कुणाला विचारायचं असलं, तर लोक त्यांच्याकडेच बोट दाखवायचे. ते लगेच उत्तर द्यायचे. लढाई कुठलीही असो, उत्तर एकच असायचं. आत काय येतंय ते कुणी तपासलं नाही, म्हणून हरले.

हे त्यांच्या पेशाला धरूनच होतं. ते जकात नाक्यावर नाकेदार होते. शहरात शिरणारा प्रत्येक ट्रक, टेम्पो, बैलगाडी थांबवून आत काय आहे ते बघायचं आणि पावती फाडायची, हे त्यांचं काम. वडील मेंढरं राखायचे. संध्याकाळी वाघुरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभे राहून एकेक मेंढरू नजरेखालून आत घ्यायचे. "मी बी त्येच करतो," नाकेदार म्हणायचे, "माझी मेंढरं ट्रकात बसून येतेत, एवढाच फरक."

लग्नाकार्यात ते कधी पहिल्या पंगतीला बसले नाहीत. आचाऱ्याजवळ उभं राहून रसद किती उरली आहे याचा अंदाज घ्यायचे आणि तिसऱ्या पंगतीला वरण कमी पडणार हे वधूपित्याला आधीच कळवून त्याचा रक्तदाब वाढवायचे. वरण खरंच कमी पडायचं. त्यामुळे त्यांना लग्नाला बोलवायचं की नाही, हा पुष्कळ घरांपुढचा प्रश्न होता.

मी चिकलठाण्याच्या एका नव्या कारखान्यात टायपिस्ट होते. लष्करी इतिहासाशी माझा काही संबंध नव्हता. पण औरंगपुऱ्यात सायकलच्या दुकानावरच्या माडीत महिन्याच्या पहिल्या रविवारी लढायांवर व्याख्यान असतं आणि त्या माडीला पंखा आहे, असं मैत्रिणीनं सांगितलं. आमच्या खोलीला पंखा नव्हता. उन्हाळ्याचे दिवस होते. अशा रीतीनं मी रणसंग्राम अभ्यास मंडळाची एकमेव स्त्री सभासद झाले. पहिल्याच दिवशी सगळे माझ्याकडे बघून चहाचं काय, असा चेहरा करून बसले. मीही तसाच चेहरा करून बसले, तेव्हा खालून हॉटेलातला चहा मागवण्याची पद्धत पडली.

माडी वकीलसाहेबांची होती. वकीलसाहेब मंडळाचे अध्यक्ष. गोरेपान, मृदू बोलणारे, तीन पिढ्या कारकुनी आणि वकिली केलेल्या घरातले. नाकेदार चिटणीस. म्हणजे सगळी कामं त्यांची आणि सगळे आभार अध्यक्षांचे. पंखा, चहा, सहलीच्या टेम्पोचं डिझेल, सगळं वकीलसाहेबांच्या कृपेनं चालायचं, आणि याची आठवण ते कधी करून द्यायचे नाहीत. आभाराच्या भाषणात दुसरंच कुणीतरी ती करून द्यायचं.

मी गेले त्या दुपारी नाकेदार देवगिरीचा वेढा सांगत होते. हातात एक टोकदार, मधे पन्हळ असलेली लोखंडी सळई होती. नाक्यावर पोत्यात खुपसून आत काय आहे ते बघायची. नकाशावर जागा दाखवायलाही ते तीच वापरायचे, त्यामुळे मंडळाच्या नकाशांना जागोजागी भोकं होती. जुनी कथा सगळ्यांना ठाऊक आहे. शत्रू दाराशी आला, घाईघाईनं किल्ल्यात धान्याची पोती चढवली, वेढा पडला, आणि पोती उघडली तर आत मीठ. नाकेदारांनी ही कथा त्या माडीत किती वेळा सांगितली असेल, देवाला ठाऊक. पण मिठापाशी आले की दर वेळी त्यांचा आवाज चिरायचा.

"एक सळई," ते म्हणायचे. "एक सळई घालून बघितली असती. नाक्यावरचा कालचा कारकून बी बघतो. एवढं मोठं राज्य, एवढा बाका किल्ला, आन दारात उभं राहून पोत्यात काय हाय म्हनून इचारनारा एक माणूस नाय." मग ते खाली बसायचे आणि पाणी मागायचे.

मंडळाचा एकच कायदा होता, आणि तो नाकेदारांनी केला होता. व्याख्यानात किंवा सहलीत कुठल्याही फौजेला 'आपली' म्हणायचं नाही. आपली फौज, आपले लोक, आपण जिंकलो, सगळं बंद. हा कायदा मी येण्याआधीचा. म्हणे पहिल्याच सहलीत दौलताबादच्या पायऱ्यांवर दोन सभासदांची कॉलर धरण्यापर्यंत मजल गेली होती. या शहरात आपली माणसं कोण, यावर एकमत होणं अवघडच. ज्याच्या त्याच्या आजोबांनी निरनिराळ्या सरकारांचा पगार खाल्लेला.

तर जो 'आपली' म्हणेल त्यानं छागल वाहायची. छागल म्हणजे कॅनव्हासची पाण्याची पिशवी. तेव्हा जीपला, ट्रकला टांगलेली सर्रास दिसायची. पाणी गार राहतं, पण पिशवी सारखी पाझरते. खांद्यावर घेतली की घंटाभरात सदरा आणि पँटचा एक पाय ओलाचिंब. शिवाय नेम असा की, ज्याच्या खांद्यावर छागल त्यानंच बाकीच्यांच्या ओंजळीत पाणी ओतायचं. शिक्षा म्हणून सोपी, पण ओल्या पँटनं गावातून फिरताना माणूस इतिहासाबद्दल फार नम्र होतो.

सगळ्यात जास्त वेळा छागल वाहिली वकीलसाहेबांनी. ते बोलता बोलता भरात यायचे. "आणि मग आपल्या घोडदळानं..." एवढं म्हणाले की नाकेदार सळई वर करायचे. "वकीलसाब, छागल." वकीलसाहेब हसत हसत ती खांद्यावर घ्यायचे आणि सगळ्यांच्या ओंजळीत पाणी ओतायचे. एवढे मोठे वकील आपल्या हातानं पाणी पाजतात, याचं सभासदांना केवढं कौतुक.

एकच सभासद असा की ज्याच्या खांद्यावर छागल कधी गेली नाही. साळवे सर. ते एका कॉलेजात भूगोल शिकवायचे आणि मंडळाचे सगळे नकाशे काढायचे. किरकोळ बांधा, बारीक मिशी, बोलणं मोजकं आणि गमतीचं. ते कुठल्या समाजाचे, कुठल्या वस्तीत वाढले, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी त्याबद्दल चकार शब्द काढायचं नाही. वकीलसाहेब यालाच 'आपल्या मंडळाची परंपरा' म्हणायचे. हे 'आपल्या' फौजेबद्दल नसल्यामुळे त्याला छागल लागू नव्हती.

"साळवे सरांकडून शिका," नाकेदार सगळ्यांना सुनवायचे. "इतक्या वर्षांत एक डाव तोंडातून 'आपली' गेलं नाय. ह्याला म्हनायचं अभ्यासक." सर खाली बघून पेन्सिलीला टोक काढत बसायचे.

त्या वर्षांत शहर फार वेगानं बदलत होतं. चिकलठाण्याला कारखान्यांची रांग लागली होती, पुढे वाळूजही तसंच झालं. पुण्या-मुंबईहून यंत्रांची मोठी मोठी खोकी यायची, आणि वरून हुकूम असायचा की हा माल उघडायचा नाही, सवलतीचा आहे, जाऊ द्या. नाकेदारांना हे फार लागलं. "ह्या शहरावर लई फौजा आल्या बाई," ते मला म्हणाले, "पन सळई न लावता आत शिरलेली ही पहिलीच." मी त्याच फौजेत नोकरीला होते, त्यामुळे गप्प बसले.

आणि मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. पेटला हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. एसट्या बंद, कॉलेजं बंद, शहरात संचारबंदी, आणि खेड्यापाड्यांत एकाच बाजूच्या वस्त्यांमधली घरं जळत होती. साळवे सरांच्या मामाचं घर जळालं. मामा, मामी आणि त्यांची मुलं सरांच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. संचारबंदी उठल्यावरच्या पहिल्या रविवारी सर नकाशाची गुंडाळी घेऊन नेहमीसारखे माडीवर आले. कुणी काही विचारलं नाही. वकीलसाहेबांनी नकाशाला शाई कुठली वापरली, याची आस्थेनं चौकशी केली. मी जिन्यात सरांना गाठून विचारलं, तर म्हणाले, "माणसं हायेत, बाई. भांडी गेली." आणि उतरून गेले.

नाकेदारांचं म्हणणं, मंडळ तटस्थ आहे. ठरावाच्या बाजूची पोरं सही मागायला आली, विरोधातली आली, दोघांनाही त्यांनी तेच सांगितलं. दोघांनीही त्यांना शिव्या दिल्या, याचा त्यांना अभिमान वाटला. ज्या माणसानं उभ्या हयातीत एक पोतं न तपासता सोडलं नाही, त्याला या एका बाबतीत आत काय आहे हे बघायचं नव्हतं. मला त्यांचा रागच यायचा.

हिवाळ्यात असईची सहल ठरली. असईची लढाई म्हणजे नाकेदारांचा जीव की प्राण. केळणा नदीच्या एका काठाला मराठी फौज, तोफांच्या रांगा लावून. दुसऱ्या काठाला इंग्रजांची, कितीतरी कमी. वाटाडे म्हणाले, इथं नदीला उतार नाही. इंग्रज सेनापतीनं नुसतं बघितलं की समोरासमोर दोन काठांवर दोन गावं आहेत. माणसं येत-जात असणारच, म्हणजे उतार असणारच. तिथूनच तो पार झाला, आणि त्या उतारावर कुणीही पहारा ठेवलेला नव्हता. नाका नव्हता, म्हणून हरले. नाकेदारांना तो उतार पायी पार करून बघायचा होता. वर्षानुवर्षं त्याबद्दल बोलत होते. आता सरांनी त्या भागाचा हातभर लांब नकाशा काढला होता.

सहलीची सूचना टाइप करून द्यायला मी माडीवर गेले होते, तेव्हाची गोष्ट. वकीलसाहेब आले. खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "नाकेदार, साळवे सरांना या खेपेला राहू द्या. त्यांच्यासाठीच म्हणतोय मी. तिकडच्या गावांतलं वातावरण बरं नाही."

"नकाशा त्येंनी काढलाय," नाकेदार म्हणाले.

"नकाशा आपण घेऊन जाऊ की."

"माल आत, आन मालक भाईर? नाक्यावर आसं चालत नाय वकीलसाब."

"हा नाका नाही." वकीलसाहेब अजूनही मृदूच बोलत होते. "दोघातिघा सभासदांनी मला बोलून दाखवलंय. मंडळ टिकलं पाहिजे. माडीचं मी बघतो, डिझेलचं बघतो, पण सभासदच उरले नाहीत तर मी एकटा काय करणार? तुम्ही एवढ्या कष्टानं उभं केलेलं आहे."

नाकेदार सळईच्या टोकावरचा गंज नखानं काढत राहिले. मंडळाशिवाय त्यांना दुसरं काही नव्हतं. मूलबाळ नव्हतं. बायको देवगावला दिराकडे राहायची, कारण शहरातलं पाणी तिला मानवत नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "बघतो. मंडळ तटस्थ हाय."

मला वाटलं, झालं. आता सरांना निरोप जाणार.

सहलीच्या सकाळी करीमभाईंचा टेम्पो औरंगपुऱ्यात उभा होता आणि साळवे सर सगळ्यांच्या आधी येऊन मागच्या बाकावर बसले होते. वकीलसाहेबांनी नाकेदारांकडे बघितलं. "सांगायचं राहून गेलं," नाकेदार म्हणाले. "इसरलो." नाकेदार काही विसरत नाहीत, हे शहरातला प्रत्येक ट्रकवाला शपथेवर सांगू शकला असता. मला जरा बरं वाटलं.

सिल्लोड, भोकरदन करत दुपारपर्यंत आम्ही नदीवर पोचलो. हिवाळा नावालाच, ऊन चांगलं चटकत होतं. वाटेत सगळ्यांनी मिरचीची भजी खाल्ली होती. करीमभाईंनी गावातल्या विहिरीवरून छागल भरून आणली आणि टेम्पोलाच टांगली, कारण अजून कुणी 'आपली' म्हणालं नव्हतं.

सर नकाशा धरून उभे राहिले आणि सांगायला लागले. त्या दिवशी ते फार सुंदर बोलले. उतार इथं, तोफा तिथं, इंग्रजांची फौज पार झाल्यावर मराठी पलटणींनी तोंड कसं फिरवलं, हे त्यांनी हातानं दाखवलं. नंतर तोफखान्यापाशी आले. शत्रू तोफांवरून पुढे निघून गेला. गोलंदाज तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले होते. ते उठले, तोफा उलट्या फिरवल्या आणि मागून मारा सुरू केला. "पळायला सगळं रान मोकळं होतं," सर म्हणाले, "पण आपली माणसं तोफा सोडून गेली नाहीत."

सरांचा हात नकाशावर तसाच राहिला. नाकेदारांचा चेहरा मात्र उजळला. वर्षानुवर्षं न सापडलेला माल नाक्यावर सापडल्याचा आनंद त्यांना झाला होता, दुसरं काही त्यांच्या डोक्यातही नव्हतं. त्यांनी सळई वर केली. "साळवे सर! सापडले. छागल."

सर हसले. त्यांनी नकाशा गुंडाळून माझ्याकडे दिला आणि टेम्पोजवळ जाऊन छागल खांद्यावर घेतली. मी पुढे होऊन ओंजळ धरली. त्यात काही मोठेपणा नव्हता, भज्यांनी जीव जात होता. सरांनी पाणी ओतलं, मी प्यायले. तोंड पुसून बाजूला झाले, तर माझ्यामागे कुणीच उभं नव्हतं.

"या, वकीलसाब," नाकेदार म्हणाले.

"मला तहान नाही."

"तुमी, तलाठीसाहेब?"

रिटायर्ड तलाठी नदीकडे बघत होते. त्यांनाही तहान नव्हती. त्यांच्या शेजाऱ्यालाही नव्हती. नाकेदार एकेकापुढे जाऊन उभे राहायला लागले. नाक्यावर गाडीत काय आहे विचारतात तसंच विचारत होते आणि तेच उत्तर मिळत होतं. वाळलेले ओठ, मिरचीनं लाल झालेली तोंडं, आणि तहान कुणालाच नाही. चौथ्या का पाचव्या माणसापुढे त्यांचा आवाज बसला. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांना कळलं तो क्षण मी पाहिला. देवगिरीच्या मिठापाशी व्हायचा तसा चेहरा झाला होता.

ते सरांकडे आले. ओंजळ धरून पोटभर पाणी प्याले. मग वळून म्हणाले, "एवढी वर्षं मी पोती सळई न लावता आत घेतली, बाई." माझ्याशीच बोलले, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"नाकेदार, उगाच तमाशा नको," वकीलसाहेब म्हणाले. "वातावरण कसं आहे तुम्हाला माहीत आहे. आपल्याला इथं कुणी बघितलं तर? आपण तटस्थ आहोत ना?"

"तट म्हंजे काठ," नाकेदार म्हणाले. "लई दिवस उभा होतो काठावर. पाय दुखले."

आणि त्यांनी त्यांना येत होतं तेच केलं. टेम्पोच्या मागच्या दारात जाऊन उभे राहिले आणि सळई दारात आडवी धरली. "करीमभाई, गाडी सुरू करू नका. सर, हितं या, छागल घेऊन. ज्याला परत जायचंय त्यानं एक ओंजळ पाणी प्यायचं आन चढायचं. बिगर तपासलेला माल आज आत घेनार नाय."

"आणि नाही प्यालो तर?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"भोकरदनला एसटी मिळती."

वकीलसाहेबांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, "माडीची किल्ली उद्या आणून द्या." नाकेदारांनी मान हलवली. म्हणजे मंडळ गेलं, हे आम्हाला सगळ्यांना कळलं. त्यांनाही कळलं. सळई धरलेला हात त्यांनी खाली घेतला नाही. या माणसाला फटाक्यांची भीती वाटायची, हे मला तेव्हा आठवलं आणि माझे डोळे भरून आले.

वकीलसाहेब रस्त्याकडे चालायला लागले, पाठोपाठ आणखी काही जण. तलाठीसाहेब थोडं अंतर गेले, एसटी किती लांब आहे याचा विचार केला असावा, परत आले आणि डोळे मिटून प्याले. डोळे मिटून का होईना, जकात भरली. करीमभाई खाली उतरून प्याले. "मेरेकू भी पिलाव, सर. सुबे से प्यासा हूँ, कोई पूछताच नै."

नाकेदारांचा उतार पार करायचा राहूनच गेला. पुढेही ते कधी परत गेले नाहीत. मंडळ मात्र संपलं नाही. नाक्याच्या पत्र्याच्या खोलीत, उन्हाळ्यात भट्टी तापावी तशा उकाड्यात, व्याख्यानं होत राहिली. पाच-सहा जण असायचो. पंखा नव्हता आणि तरीही मी जात होते, यातच काय ते समजा.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर टेम्पो निम्मा रिकामा होता. नाकेदारांनी बाकांकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला. "आपली फौज लई कमी झाली."

"साब," करीमभाई पुढून म्हणाले, "आपली बोले."

नाकेदारांनी सरांच्या खांद्यावरची छागल काढून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली.

"मी इतकी वर्षं जीभ सांभाळली," सर म्हणाले. "छागल खांद्यावर आली की काय होईल, ते मला ठाऊक होतं. आज तोफखान्यानं घात केला."

"बरं झालं," नाकेदार म्हणाले. "माझी सळई गंजली होती."

हर्सूलच्या नाक्यावर आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. ड्यूटीवरचा कारकून नवीन होता. त्यानं आडवा बांबू काही उचलला नाही. नाकेदारांनीच त्याला तसं शिकवलं होतं, साहेब असले तरी तपासायचं. तो मागच्या दाराशी आला आणि अवघडून म्हणाला, "साहेब, काय हाय आत?"

नाकेदारांच्या खाकी पँटचे दोन्ही पाय ओले झाले होते आणि पाणी अजून टिपकत होतं. त्यांनी छागल उचलून दाखवली.

"पाणी," ते म्हणाले. "आपलं."